आमच्याकडे असंच खेळतात

गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की नाशिककर पूर बघायला निघतो, आणि छातीला लागलं की पूर बघायला आलेल्यांना बघायला निघतो. त्या रविवारी पाणी छातीच्या वर होतं, तरी आम्ही घरात होतो. येवल्याहून आत्या आली होती आणि ‘जरा गंगेवर जाऊन येतो’ असं तिच्यासमोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिने १९६९चा महापूर पाहिलाय. त्यानंतरचे सगळे पूर तिच्या मते मोरी तुंबण्याच्या जातीचे. वीज सकाळीच गेली होती. चारच्या सुमाराला घरातला शेवटचा फोन मिटला आणि आम्ही सात माणसं कित्येक महिन्यांनी एकमेकांकडे बघत बसलो. ते काही फार वेळ झेपेना. शेवटी बायको म्हणाली, “माळ्यावरचा डबा काढा.”

हा डबा मराठी घरात असतोच. झाकणावर बिस्किटांचं चित्र, आत मेलेल्या खेळांची हाडं. आमच्या डब्यात ल्युडोच्या अकरा सोंगट्या निघाल्या, दोन फासे निघाले (एक टपोरा, एक बारका, बहुधा वेगवेगळ्या घराण्यांतले), कॅरमची राणी निघाली आणि ‘व्यापारा’चा घडीवर फाटलेला पट निघाला. त्याच्या नोटा कसरीने खाल्ल्या होत्या. पत्त्यांचा कॅट होता, पण पानं एक्कावन्न. किल्वरची नव्वी गायब. एक पान कमी म्हणजे मेंढीकोट गेला, सोंगट्या कमी म्हणजे ल्युडो गेला, नोटा नाहीत म्हणजे व्यापार बसला. एकही खेळ धड नाही. तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंग करणारा माझा भाचा म्हणाला, “मामा, तिन्ही मिळून एक नवीन गेम डिझाइन करू या.” पुण्याला दोन वर्षं राहिलं की माणूस चहासुद्धा करत नाही, डिझाइन करतो.

तसा हा उद्योग नवा नाही. अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ साली अशाच एका खेळाचं पेटंट घेतलं. जमीन एकाच्या घशात गेली की बाकीचे कसे भिकेला लागतात, हे लोकांना खेळता खेळता कळावं अशी बाईंची तळमळ. त्यांनी नियम दोन प्रकारचे केले. एकात सगळ्यांची भरभराट, दुसऱ्यात एकट्याची मक्तेदारी. लोकांनी भरभराट बाजूला ठेवली आणि मक्तेदारीवर उड्या मारल्या. त्यातून पुढे मोनोपॉली झाली, १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने ती बाजारात आणली आणि बाईंच्या हातावर पेटंटचे पाचशे डॉलर टेकवले. तीच मोनोपॉली आपल्याकडे ‘व्यापार’ होऊन आली. फासा टाका, सोंगटी चालवा, नको त्या घरात पडलात तर पत्ता उचला. म्हणजे या तिघांचं लग्न लागून शंभर वर्षं होऊन गेली होती. आमच्याकडे फक्त वरात उशिरा पोचत होती.

पहिली अडचण पैशांची आली. भाचा म्हणाला, कोऱ्या कागदाच्या नोटा करू. काका ताडकन उठले. काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेत. तिथे १९२८ पासून देशाच्या नोटा छापतात आणि त्यातल्या छत्तीस वर्षांच्या काकांच्या डोळ्यांखालून गेल्यात. “जन्मभर त्या भिंतीच्या आत काढली,” ते म्हणाले, “आता पेन्शन चालू असताना घरात नोटा छापू?” बरं, छापायच्याच तर त्यात सुरक्षा धागा कसा घालणार, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

तोडगा स्वयंपाकघरातून आला. आत्याने येताना चाळीतल्या उन्हाळ कांद्याची अर्धी गोणी आणली होती. ठरलं, चलन कांदा. नाशिक जिल्ह्यात कांद्याला चलन मानायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. सरकारं त्यावर पडतात. माणशी दहा कांदे वाटले आणि राहिलेली गोणी बँक म्हणून बायकोच्या ताब्यात दिली. हा निर्णय किती महागात पडणार आहे, हे तेव्हा कळलं नाही.

पट म्हणून आत्याच्या पैठणीच्या खोक्याचं झाकण घेतलं. त्यावर मुलीने स्केचपेनने साठ घरं आखली. सुरुवात नाशिकरोड स्टेशन, शेवट रामकुंड. मधे द्वारका, शालिमार, सीबीएस, रविवार कारंजा, सरकारवाडा. एका घरावर रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंगाचा हौद: तिथे पडलात तर एक डाव रंगात, बाहेर यायचं नाही. पांडवलेणी घालायची का, यावर वाद झाला. काका म्हणाले, ती लेणी बौद्ध भिक्खूंची, त्यांचा आणि पांडवांचा काडीचा संबंध नाही. आत्या म्हणाली, नसू दे, पण फाशांच्या खेळात पांडवांचं नाव नको, अपशकुन होतो. यावर मात्र एकमत झालं.

पत्त्यांची खाती अशी ठरली: इस्पिक म्हणजे आपत्ती, बदाम म्हणजे पाहुणे, चौकट म्हणजे पैसा, किल्वर म्हणजे शेती, कारण ते पान जरा कोथिंबिरीसारखं दिसतं. प्रत्येक इस्पिक निघालं की दुतोंड्याचं पाणी एक पायरी चढणार: घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा. गळ्याला लागलं की गोदाघाटावरच्या सगळ्या सोंगट्या वाहून थेट नांदूरमध्यमेश्वरला. तिथे सहा पडेपर्यंत पक्षी बघत बसायचं. (२०२० मध्ये रामसरच्या यादीत गेलेलं राज्यातलं ते पहिलं ठिकाण आहे, तेव्हा शिक्षा तशी मानाची.) इस्पिकचा एक्का म्हणजे कांदा निर्यातबंदी. राजा निघाला तर खातेबदल, म्हणजे शेजाऱ्याशी हातातली पानं बदलायची. ही सूचना मुलीची. जुलै २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या कृषिमंत्र्यांचा सभागृहात मोबाइलवर रमी खेळतानाचा म्हणून एक व्हिडिओ फिरला. मी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. महिना संपायच्या आत त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. यापेक्षा चांगला नियम आम्हाला सात जणांना मिळून सुचला नसता.

सोंगट्या प्रत्येकी दोन, म्हणजे चौदा हव्यात, होत्या अकरा. उरलेल्या तीन जागा एक सुपारी, एक शर्टाचं बटण आणि एक बेदाणा यांनी भरल्या. काका हात धुवायला गेले होते, त्यामुळे बेदाणा त्यांना आला.

मारलेल्या सोंगटीचं काय करायचं, हा नियम काकांनी इतिहासातून आणला. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली नहपान क्षत्रपाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने वरून आपला छाप मारलेला होता. नहपानाला हरवलं, पण त्याची चांदी वितळवत बसला नाही. ठोकला शिक्का आणि पाठवली बाजारात. “तसंच,” काका म्हणाले, “सोंगटी मारली की घरी पाठवायची नाही. आपला छाप मारायचा, ती आपली.” छाप कशाचा? बायकोने टिकल्यांचं पाकीट आणलं. प्रत्येकाला एक रंग. तासाभरात पटावरच्या निम्म्या सोंगट्या हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या दिसायला लागल्या. माझ्या सुपारीवर तर तीन टिकल्या होत्या. तिने तीन राजवटी पाहिल्या.

बेदाण्यावर मात्र टिकली चिकटेना. म्हणजे काकांची ती सोंगटी मारताच येत नव्हती. नियम काकांचा, बेदाणा काकांचा. आत्या त्यांच्याकडे नुसती बघत होती.

खेळ सुरू झाला आणि दुसऱ्याच फेरीत थांबला. द्वारका चौक आम्ही नकळत सातव्या घरात आखला होता आणि तिथे ‘सिग्नल, एक फेरी थांबा’ असं लिहिलं होतं. आता दोन फासे ३६ तऱ्हांनी पडू शकतात आणि त्यातल्या ६ तऱ्हांनी बेरीज सात येते. दुसऱ्या कुठल्याही बेरजेच्या वाट्याला एवढं येत नाही. भाच्याने हे नंतर कागदावर काढून दाखवलं. तोवर मी, मुलगी, आत्या आणि खुद्द भाचा असे चौघं द्वारकेला अडकलो होतो. मागून बायको आली, तीही सातावर. पाच सोंगट्या एका घरात मावेनात म्हणून एकमेकींवर रेलून उभ्या राहिल्या. भाच्याचं म्हणणं, डिझाइनमध्ये गडबड आहे, द्वारका दुसरीकडे हलवू. आम्ही सगळ्यांनी ते हाणून पाडलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी द्वारका चौक जसाच्या तसा कागदावर उतरवला होता, तो हलवायचा कशाला?

दोन्ही फाशांवर सहा, म्हणजे बारा, पडले की सिंहस्थ. सगळ्यांनी असतील तिथून एकेक सोंगटी रामकुंडाकडे न्यायची आणि पंचवटी ज्याने विकत घेतलीय त्याला माणशी दोन कांदे राहण्याचे मोजायचे. बारा पडायची शक्यता ३६त एक. खरा सिंहस्थही बारा वर्षांनी येतो, म्हणून हिशेब जमला असं आम्हाला वाटलं. पण काकांच्या नातवाने एका संध्याकाळी चार सिंहस्थ पाडले. त्याचं वय सहा आणि तो कच्चा लिंबू होता. कच्च्या लिंबाचं दान मोजायचं नसतं, पण सिंहस्थ पडला तर तो मोजायचा की नाही, यावर धर्मशास्त्रात काही सापडलं नाही. पंचवटी काकांची होती. त्यांच्या मते मोजायचा.

कांद्याचा भाव दर फेरीला फाशावर ठरायचा. एक पडला तर हजार रुपये क्विंटल, सहा पडले तर सहा हजार. आत्याने कांदे सोडलेच नाहीत. घरं विकत घ्या म्हटलं तर नको, भाडं भरायची वेळ आली तर जीव तोडून बोळ शोधायची. पदराखाली तिची चाळ भरत होती. पाचव्या फेरीला सहाचा भाव फुटला. आत्याने पदर बाजूला केला. बावीस कांदे! आणि ते मोजायला घेतेय तोच मुलीने पत्ता उलटला. इस्पिकचा एक्का.

कुणी हसलं नाही. आत्या म्हणाली, “खेळातसुद्धा?”

भाच्याने समजूत घातली, आत्याआजी, बंदी फक्त तीन फेऱ्यांची आहे. “तुमची तीन फेऱ्यांची,” ती म्हणाली. “ती डिसेंबर तेवीसला लागली ती मे चोवीसला उठली. पाच महिने चाळीत कांद्याला मोड बघितलेत मी. लासलगावला ट्रॅक्टर लावून भाव ऐकलाय का कधी? फासा तरी एकच्या खाली जात नाही.” मग तिने बावीस कांदे पुन्हा पदराखाली घेतले आणि काकांना म्हणाली, “टाक पुढे. कोण उठतंय डावातून.”

काकांचा बेदाणा तोवर एकोणसाठाव्या घरात पोचला होता. रामकुंडाला एक दान कमी. तेवढ्यात इस्पिकची पंजी निघाली, दुतोंड्याच्या गळ्याला पाणी लागलं, घाटावरच्या सोंगट्या गोळा करायला सगळ्यांचे हात एकदम पटावर आले, आणि हात निघाले तेव्हा बेदाणा नव्हता. नातू चघळत होता.

आता प्रश्न असा, की सोंगटी मेली की पिकली? सारीपाटात सोंगटीला दोनच गती आहेत. मरते नाहीतर घरात जाऊन पिकते. खाल्ली गेलेली सोंगटी कुठे बसवायची? आत्या म्हणाली, मेली. काका म्हणाले, “नातू माझा. त्याच्या पोटात गेली म्हणजे माझ्याच घरात गेली. पिकली!” पाऊण तास हे चाललं. वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत. मला त्या शिल्पाचं पहिल्यापासून कौतुक आहे, पण खेळ कसा संपला ते न कोरणाऱ्या शिल्पकाराचं त्याहून जास्त. जेजुरीच्या खंडोबाबद्दल निदान कळतं. तो म्हाळसेकडून सारीपाटात हरला आणि बारा वर्षं बाणाईच्या वाड्यावर मेंढ्या राखत बसला, असं सांगतात. हरणाऱ्याने मेंढ्या राखायची ती पद्धत बंद पडली, नाहीतर आमच्या घरात लोकर मावली नसती.

नातू मधल्या मधे पळाला. सारीपाटाच्या तीन फाशांवर सहा, सहा आणि एक असं दान पडलं की त्याला पौबारा म्हणत. हिंदीत त्यावरून नशीब उघडण्याला पौबारह म्हणतात. आपण मात्र पोबारा म्हणजे पळून जाणं केलं. त्या मुलाकडे बघून मराठीचं बरोबर वाटलं.

वाद मिटला तो भज्यांच्या वासाने. आम्ही भांडत असताना बायकोने बँक चिरून तळली होती. आधी गोणी, मग दिवाळखोरांचे जप्त कांदे, मग आमचे उरलेसुरले. सगळं चलन एका घाण्यात बाद. फक्त आत्याचे बावीस कांदे शाबूत राहिले, त्यामुळे रविवारचा डाव तिने जिंकला. काकांना हे आजतागायत मान्य नाही.

इथपर्यंत जे झालं ते कुठल्याही घरात होईल. मला चकित केलं ते पुढच्या दोन दिवसांनी.

सोमवारी पहाटे वीज आली, पाणी ओसरलं, फोन जागे झाले, तरी संध्याकाळी सगळे पैठणीच्या झाकणाभोवती बसले. मंगळवारी बायकोने माझी सोंगटी मारली आणि पुन्हा फासे उचलले. मी म्हटलं, दान संपलं तुझं. ती म्हणाली, “आमच्या सिन्नरला सोंगटी मारली की परत दान मिळतं.”

“मामी,” भाचा म्हणाला, “हा खेळ परवा तयार झालाय.”

“मग? आमच्या माहेरी असंच खेळायचे.”

आणि कुणाला त्यात काही खटकलं नाही. उलट आत्या म्हणाली, येवल्याला पण मिळायचं, पण सोंगटी घाटावर मारली तरच. मुलगी म्हणाली, त्यांच्या शाळेत सात पडले की दिशा बदलायची. अट्ठेचाळीस तासांत त्या खेळाला तीन गावांच्या परंपरा फुटल्या होत्या. काकांनी सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा दाखला दिला. दहा अवतारांची एकशेवीस गोल पानं, आणि दिवसा खेळ असेल तर राम ज्याच्याकडे तो सुरुवात करणार, रात्री असेल तर कृष्ण ज्याच्याकडे तो. “दिवेलागणीला काय करायचे?” भाच्याने विचारलं. “भांडायचे,” काका म्हणाले.

भाच्याने तरी नियम लिहून काढायला घेतले. त्याला सांगितलं की औरंगाबादच्या हरिकृष्ण पंडितांनी १८७१ साली ‘क्रीडाकौशल्य’ म्हणून असल्या खेळांवर ग्रंथ लिहून ठेवलाय, पण तो संस्कृतात आहे म्हणून टिकला. मराठीत असता तर पहिल्या पानावरच कुणीतरी ‘आमच्याकडे असं नाही’ म्हणून समास भरून टाकले असते. त्याने ऐकलं नाही. चार फुलस्केप पानं लिहिली. बुधवारी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ पाण्याच्या टाकीची वर्गणी मागायला आले, दारातून पाच मिनिटं डाव बघत उभे राहिले आणि म्हणाले, “तुम्ही चुकीचं खेळताय.” मग चपला काढून आत आले आणि आम्हाला तो खेळ शिकवला. भाच्याची पानं त्यांनी सोंगट्यांखाली घेतली, पट डुगडुगत होता म्हणून.

आता दर रविवारी त्यांच्याकडे बसतो. बेदाण्याच्या जागी कॅरमची राणी आली, काकांनी तिला टिकली लावू दिली, द्वारका सातव्या घरातच आहे. अडलंय ते किल्वरच्या नव्वीशी. शेतीच्या खात्यात एक पान कमी पडतंय आणि आत्या म्हणते, तेवढंच कसं नेमकं हरवलं. कुणाकडे सुटी नव्वी असेल तर कळवा. मागची नक्षी वेगळी असली तरी चालेल; ओळखू येते म्हणून कुणी हरकत घेतलीच, तर आमच्याकडे असंच खेळतात.